धणे, मीठ आणि आंबट बिअर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, सध्या नोकरीसाठी लाइपझिगला असते. इथल्या सहकाऱ्यांनी आग्रह करून गोझे नावाची बिअर मागवली. उभट, सरळ ग्लास, गढूळ पिवळा रंग. पहिला घोट आंबट लागला, मग खारट, आणि गिळल्यावर नाकात काहीतरी ओळखीचं दरवळलं, पण त्याचं नाव काही सुचेना. नवरा म्हणाला, बाटली खराब झालीय, पिऊ नकोस. सहकारी म्हणाले, ही अशीच असते. खरं काय? आणि अशी बिअर चाखायची कशी? नुसतं 'वेगळी आहे' म्हणून सोडून द्यायचं नाहीये मला.
— एक वाचक, लाइपझिग

उत्तर : सहकाऱ्यांचं बरोबर आहे, ती अशीच असते. नवऱ्याची शंकाही वावगी नाही, कारण आंबट लागणारी बिअर खरोखर खराब झालेली असू शकते. ते कसं ओळखायचं ते पुढे सांगते. आधी तुम्हाला नाव न सुचलेल्या त्या वासाबद्दल, कारण पत्रातली तीच ओळ मला सगळ्यात आवडली. ते धणे होते.

धण्याशिवाय ज्या घरात आमटी होत नाही, तिथल्या माणसाला धणे ओळखू येऊ नयेत याचं कारण साधं आहे. आपण धणे भाजून घेतो. डब्यातले चार धणे घ्या, न भाजता वाटीच्या बुडाने जेमतेम भरडा आणि लगेच हुंगा. मसाल्याचा वास येणार नाही. लिंबाच्या सालीचा येईल, त्यामागे थोडा फुलांचा. हा लिनालूल नावाच्या द्रव्याचा वास, लॅव्हेंडरमध्येही तोच असतो. आता तेवढेच धणे कोरड्या तव्यावर परता. लिंबाचा वास हळूहळू मावळतो आणि खमंगपणा वर येतो. तो खमंगपणा म्हणजे आपल्या लेखी धणे. लिनालूल तापल्यावर बरंचसं उडून जातं आणि भाजल्याने नवी द्रव्यं तयार होतात. बिअर करणारे धणे भाजत नाहीत. भरडून, काढ्याची उकळी संपायला पाच-दहा मिनिटं राहिली की टाकतात, म्हणजे तेल वाफेबरोबर निघून जात नाही. तुमच्या नाकाला अर्धी ओळख पटली ती यामुळे. हा प्रयोग अवश्य करा. तव्याशेजारी उभं राहून दोन्ही वास पाठोपाठ घेतल्याशिवाय माझं हे सगळं सांगणं कोरडंच वाटेल.

धण्यातही जाती आहेत. रशिया आणि पूर्व युरोपातले धणे बारीक, गोल. त्यांत तेलाचं प्रमाण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. आपले लांबट, मोठे. तेल कमी, पण चव सौम्य आणि लिंबाकडे झुकणारी. काही ब्रूअर याच गुणासाठी मुद्दाम भारतीय धणे मागवतात.

आता आंबटपणा. माझी नोकरीची बरीच वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत दही आणि ताक तपासण्यात गेली, त्यामुळे या भागावर माझा विशेष जीव आहे. गोझेचा आंबटपणा ताकाच्या आंबटपणाचा सख्खा भाऊ. दोन्हीकडे लॅक्टिक ॲसिडच, आणि ते तयार करणारे जिवाणूही एकाच मोठ्या कुटुंबातले. गोझेत निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच गव्हाचा मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, असतो, बाकी बार्लीचा. त्याचा गोड काढा, ब्रूअरीत त्याला वर्ट म्हणतात, आजकाल चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आणून त्यात लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू सोडतात आणि एक-दोन दिवस तसाच ठेवतात. साध्या लागर बिअरचा पीएच ४.२ ते ४.५ असतो, इथे तो ३.३ च्या आसपास उतरतो; आकडा जितका कमी, तितकं आंबट. मग उकळी देतात. जिवाणू मरतात आणि आंबटपणा हवा तिथे थांबतो. त्या उकळीतच धणे आणि मीठ पडतं, आणि गार झाल्यावर यीस्ट. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी एका वेलीची फुलं, त्यांतली कडू द्रव्यं या जिवाणूंना वाढू देत नाहीत, म्हणून आंबवताना हॉप्स घालतच नाहीत, नंतरही नाममात्र. तुम्हाला कडूपणा फारसा जाणवला नसेल, त्याचं कारण हे.

मिठाचं काम खारट लागणं एवढंच नाही. चिमूटभर मीठ आंबटाची धार कमी करतं, गव्हाचा गोडवा पुढे आणतं आणि पातळ बिअरला तोंडात जरा भरीवपणा देतं. हात थोडा पुढे गेला की सगळं बिघडतं. चांगल्या गोझेत पहिल्या दोन घोटांना मीठ कळतं आणि नंतर त्याचा विसर पडतो.

लाइपझिगला राहता आहात तर थोडी या बिअरची गोष्टही ऐका. गोझे मूळची गोस्लारची. हार्त्स डोंगरांच्या पायथ्याचं हे जुनं गाव, शेजारी रामेल्सबेर्गची खाण, आणि गावातून वाहणारी गोझे नावाची छोटी नदी. खारटपणा मूळचा तिथल्या पाण्यातला, असं सांगतात. अठराव्या शतकात ती लाइपझिगला आली आणि तिथलीच झाली. पुढे जवळच्या ड्योलनित्सच्या ब्रूअरीत तिचं मोठं उत्पादन होत होतं. तिची जुनी बाटली मला फार आवडते. पोट फुगीर, मान लांब आणि बारीक, आणि तिला बूचच नाही. आतलं आंबणं चालू असायचं, यीस्ट फेसाबरोबर वर चढून मानेत साचायचं आणि वाळून त्याचंच बूच व्हायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ड्योलनित्सची ब्रूअरी गेली. लाइपझिगमध्ये एक छोटी ब्रूअरी तग धरून होती, १९६६ मध्ये तीही बंद झाली आणि गोझे जगातून जवळजवळ नाहीशी झाली. १९८६ मध्ये, पूर्व जर्मनीचं राज्य अजून चालू असताना, लोथार गोल्डहान यांनी गोहलिस भागातली 'ओने बेडेंकेन' ही जुनी गोझेची खानावळ पुन्हा उघडली. जुन्या लोकांना चव विचारून, पूर्व बर्लिनमधल्या एका ब्रूअरीकडून त्यांनी ती बिअर परत बनवून घेतली. ज्यांच्या जिभेला ती आठवत होती अशी माणसं हयात होती म्हणून हे जमलं. आणखी वीस वर्षं गेली असती तर कागदावरच्या कृतीवरून काय हाती लागलं असतं कुणास ठाऊक. २००० पासून जुन्या बायरिशर बानहोफ स्टेशनाच्या इमारतीतही गोझे बनते. दोन्ही ठिकाणी जाऊन या, आणि 'रेगेनशिर्म' मागवा. त्यात कॅरवेची, म्हणजे आपल्या शहाजिऱ्याच्या कुळातल्या दाण्यांची, कडक दारू गोझेत ओततात. धणे आणि शहाजिरं एका ग्लासात कसे नांदतात ते बघा.

चाखायचं असं. बाटली फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा. अगदी गारठलेल्या बिअरला वास नसतो, साधारण आठ-दहा अंशांवर धणे बोलू लागतात. ग्लास साबणाचा अंश न राहता धुतलेला हवा, नाहीतर फेस बसतो. ओतल्यावर ग्लासवर तळहात ठेवून हलकेच फिरवा, हात काढा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. एक लांब श्वास घेतला तर नाक लगेच सरावतं.

मग पहिला घोट नाक चिमटीत धरून घ्या. फक्त आंबट, खारट आणि किंचित गोड कळेल, बाकी काही नाही. तो गिळून नाक सोडा आणि तोंड मिटून नाकातून श्वास बाहेर टाका. त्या क्षणी धणे येतील, मागून गव्हाच्या कणकेचा वास, कधी लिंबू. जिभेचं काम कुठे संपतं आणि नाकाचं कुठे सुरू होतं हे यापेक्षा चांगलं कशानेच कळत नाही. माझ्याकडे चव शिकायला येणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच करायला लावते. दोन घोटांच्या मध्ये पाणी आणि कोऱ्या पावाचा तुकडा. आधी तासभर फरसाण, पान, च्युइंगगम काही नको.

आता नवऱ्याची शंका. लॅक्टिक आंबटपणा स्वच्छ असतो, जिभेवर येतो आणि नाकाला टोचत नाही. ग्लास नाकाशी नेताच व्हिनेगरसारखं झोंबलं तर ॲसेटिक ॲसिड झालंय, ती बिअर बिघडली. ओकारीचा वास आला तर ब्युटिरिक ॲसिड, घोटही घेऊ नका. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून जुनी झालेली. आणि साध्या लागर किंवा पिल्सनरमध्ये कुठलाही आंबटपणा हा दोषच, मग तो कितीही स्वच्छ असो. आंबट करायची म्हणून केलेली आणि आपोआप आंबट झालेली यांत फरक करायला सुरुवातीला लेबल वाचलं तरी पुरतं.

प्रश्न : पुण्यातल्या एका मायक्रोब्रूअरीत 'कोकम गोझे' घेतली. मला चाट मसाल्याशिवाय काही कळलंच नाही. बरोबरचे सगळे मात्र 'काय मस्त, एकदम देशी' म्हणत होते. चूक माझ्या जिभेची की बिअरची?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या वर्णनावरून, बिअरची. मसाला ओळखू यायला हरकत नाही, पण ग्लासात तो एकटाच उरला तर मॉल्ट, गहू, यीस्ट ही सगळी मेहनत कशासाठी केली? सोड्यात मसाला घातला असता तरी तेच मिळालं असतं. मसाल्याच्या बिअरला माझी कसोटी एकच आहे. मसाला काढून घेतला तर खाली पिण्याजोगी बिअर उरते का? उरत असेल तर मसाल्याला तिथे बसण्याचा हक्क आहे.

कोकम आणि गोझे ही जोडी मला मनापासून पटते. मिठाची संगत कोकमाला मुळातच आहे, कोकणात बाटलीतल्या आगळाला मीठ असतंच. फक्त कोकमाचा आंबटपणा वेगळा. त्यात हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड मुख्य, आणि ते जिभेवर पटकन चढतं. लॅक्टिक आंबट गोलसर, सावकाश. दोन्ही एकाच बिअरमध्ये आणायचे असतील तर ब्रूअरने आधीचा आंबटपणा जरा कमीच ठेवायला हवा. तसं केलं की आधी कोकमाचा टोकदार आंबटपणा, मग गव्हाचा मऊपणा, मग धणे, असं एकामागून एक येतं. सगळंच चढं ठेवलं तर तोंड आंबतं आणि वासाकडे लक्षच जात नाही.

चाट मसाल्याचा वास कुठून आला असेल याचा माझा अंदाज पादेलोणावर आहे. 'देशी' करायचं म्हणून अनेकजण गोझेत साध्या मिठाऐवजी पादेलोण घालतात. त्यात गंधकाची संयुगं असतात. भेळेत, ताकात ती छान लागतात. पण बिअर आंबताना यीस्टही थोडा गंधकाचा वास सोडतं आणि तो घालवण्यासाठी ब्रूअर टाकीपाशी दिवस काढतो. घालवलेला वास मिठातून परत आणण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. सैंधव घाला, बिअर मोकळी राहते.

पुढच्या वेळी गेलात तर आधी छोट्या ग्लासात नमुना मागा, बहुतेक ठिकाणी देतात. आणि ब्रूअर जागेवर असेल तर त्याला दोन गोष्टी विचारा : कोकम आंबण्याआधी घालता की नंतर, आणि मीठ कुठलं? मन लावून काम करणारा ब्रूअर या प्रश्नांनी खूश होतो. टाकी दाखवायला आत घेऊन गेला तर नक्की जा.

प्रश्न : बिअर म्हणजे बार्ली, पाणी आणि हॉप्स. जर्मनीत पाचशे वर्षांपूर्वी तसा कायदाच झाला. धणे, संत्र्याची साल, कोकम, दालचिनी हे सगळं घालणं म्हणजे भेसळ आहे आणि तुम्ही तिचं कौतुक करता, हे मला पटत नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पत्र रोखठोक आहे, उत्तरही तसंच देते. मला ही भेसळ वाटत नाही, आणि इतिहासही तुमच्या बाजूने उभा राहत नाही.

तुम्ही म्हणता तो कायदा १५१६ चा, बव्हेरियाचा. संपूर्ण जर्मनीला तो लागू झाला १९०६ मध्ये, म्हणजे मधली जवळजवळ चारशे वर्षं लाइपझिगसारख्या शहरांत धणे-मीठ घातलेली बिअर राजरोस विकली जात होती. आजही गोझेला प्रादेशिक खासियत म्हणून सवलत आहे. मूळ कायद्यात दारूच्या शुद्धतेइतकीच बिअरच्या भावाची काळजी होती, बिअर किती पैशांना विकायची हे त्यात आधी येतं. यीस्टचा तर त्यात उल्लेखच नाही. आणि ज्या बव्हेरियात फक्त बार्लीचा नियम होता, तिथेच १६०२ पासून गव्हाच्या बिअरचा मक्ता खुद्द राजघराण्याने आपल्याकडे ठेवला.

त्याच्याही मागे चला. हॉप्स सर्वत्र पोचण्याआधी युरोपात बिअरला चव आणि टिकाऊपणा देण्यासाठी ग्रुइट नावाचं वनस्पतींचं मिश्रण वापरत. त्यात दलदलीत उगवणारं बॉग मर्टल, यॅरो अशी झुडपं असायची. हे मिश्रण विकायचा हक्क सरदारांकडे आणि चर्चकडे असे, आणि तो मोठ्या कमाईचा होता. बेल्जियममधल्या ब्रूज शहरात ज्या घराण्याकडे तो होता त्यांचा वाडा अजून उभा आहे, ग्रुटहूसे म्हणतात त्याला, आता तिथे संग्रहालय आहे. हॉप्समुळे पेय टिकतं हे हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या मठाधिपती विदुषीने बाराव्या शतकात लिहून ठेवलं, तरी हॉप्सना सगळीकडे बस्तान बसवायला पुढची काही शतकं लागली. म्हणजे बिअरमध्ये हॉप्स हा उशिरा आलेला मसालाच आहे, इतका रुळलेला की त्याला कुणी मसाला म्हणत नाही.

तुमच्या रागाला एक जागा मात्र आहे आणि तिथे मी तुमच्यासोबत आहे. बिघडलेली किंवा पाणचट बिअर झाकण्यासाठी दालचिनी, व्हॅनिला, इसेन्स ओतणारे आहेत. हिवाळ्यात येणाऱ्या कित्येक मसालेदार बिअर्समध्ये जायफळ इतकं असतं की दुसरा घोट नको वाटतो. त्याला भेसळ म्हणा, मी हात वर करते.

प्रश्न : बव्हेरियन पद्धतीची गव्हाची बिअर प्यायले की मला लवंगेचा वास येतो. दातदुखीत लवंगेचं तेल लावल्यापासून मला तो वास सहन होत नाही. ही बिअर लवंग न घालता मिळते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यात लवंग नसतेच. धान्याच्या सालीत फेरुलिक ॲसिड असतं. या बिअरसाठी वापरलं जाणारं खास यीस्ट त्याचं रूपांतर ४-व्हिनाइल ग्वायकॉल नावाच्या द्रव्यात करतं. लवंगेतलं यूजेनॉल हे याच द्रव्याचं जवळचं नातलग, म्हणून तुमच्या नाकाला लवंग भेटते. मॉल्ट भिजवताना पंचेचाळीस अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबलं की फेरुलिक ॲसिड जास्त सुटतं आणि लवंग वाढते, म्हणजे ती कमी-जास्त करणं ब्रूअरच्या हातात आहे. त्याच बिअरमधला पिकल्या केळ्याचा वासही यीस्टचाच.

तुम्ही 'अमेरिकन व्हीट' असं लिहिलेली बिअर घेऊन पाहा. तिचं यीस्ट साधं असतं, लवंग जवळपास येत नाही. विटबिअर, म्हणजे बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर, मात्र जपून, काहींमध्ये लवंगेची छटा असते.

प्रश्न : मी नागपूरचा. विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल असते हे वाचलं. मग आपल्या संत्र्याची साल का नको? घरच्या घरी अशी बिअर करायची सोपी रीत सांगाल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : घरी बिअर करायची रीत सांगणार नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, बिअरही त्यात आली. पण विकत आणलेल्या बिअरवर मसाल्याचा अभ्यास घरी उत्तम होतो, आणि ब्रूअरीतही नवी बिअर ठरवताना पहिली पायरी बहुधा हीच असते.

आधी सालीबद्दल. विटबिअरमध्ये पारंपरिक साल असते ती क्युरासाओच्या कडू संत्र्याची, वाळवलेली. ही बिअर बेल्जियममधल्या हूगार्डन गावची. १९५० च्या दशकात गावातली शेवटची ब्रूअरी बंद पडली. तिच्या शेजारी वाढलेला, लहानपणी तिथे हाताखाली काम केलेला पिएर सेलिस नावाचा दूधवाला होता. त्याने १९६६ मध्ये ती बिअर पुन्हा सुरू केली. न मोडवलेला कच्चा गहू, बार्लीचा मॉल्ट, धणे आणि ती साल. आज जगभर जी विटबिअर मिळते ती याच माणसामुळे. १९८५ मध्ये ब्रूअरीला आग लागली, मोठ्या कंपनीचा पैसा घ्यावा लागला आणि पुढे ती त्याच्या हातून गेली. तो अमेरिकेत टेक्सासला गेला आणि तिथे तीच बिअर परत बनवू लागला. मला या माणसाबद्दल अतोनात आदर आहे.

कडू संत्र्याच्या सालीतून वासाबरोबर कोरडा कडवटपणा येतो. नागपुरी संत्रं मँडरिनच्या जातीचं, साल सुटी, पातळ आणि गोड वासाची. तिच्याकडून कडवटपणाची अपेक्षा करू नका, पण वास सुंदर मिळतो, आणि मला तो धण्यांशी जास्त जुळणारा वाटतो. मृगाच्या बहाराच्या संत्र्यांची साल घ्या. किसणीवर फक्त वरचा नारिंगी भाग किसा. आतला पांढरा दोरेदार भाग आला की चव तुरट होते.

आता प्रयोग. दोन छोट्या काचेच्या बाटल्या घ्या. एकीत चमचाभर भरडलेले न भाजलेले धणे, दुसरीत तेवढाच किस. दोन्हींत बुडेल इतकी व्होडका ओता, झाकण लावून दिवसभर ठेवा, मग गाळा. धण्याची पूड थेट बिअरमध्ये टाकू नका, बारीक कणांवर वायू गोळा होऊन सगळी बिअर फेसाळून बाहेर येते आणि उरते ती मचूळ. साधी, फारशी कडू नसलेली लागर किंवा गव्हाची बिअर तीन ग्लासांत ओता. ड्रॉपरने एकात धण्याचे दोन थेंब, एकात सालीचे दोन, एकात दोन्ही. चाखा, थेंब वाढवा, पुन्हा चाखा. कुठल्या थेंबाला बिअर मागे पडते आणि मसाला पुढे येतो ते लिहून ठेवा. ती रेषा प्रत्येकाची वेगळी असते.

त्यापुढे जायचं असेल तर त्रिकोण चाचणी करा. घरातल्या कुणालातरी तीन ग्लास भरायला सांगा, दोन सारखे, एक वेगळा, आणि कुठला कुठला ते तुम्हाला कळू न देता समोर ठेवायला सांगा. वेगळा ओळखता आला नाही तर तेवढ्या मसाल्याने फरक पडलेला नाही, मग मनाला काहीही वाटो. ब्रूअरीत हीच चाचणी रोज चालते. यात व्होडकाही आहे, म्हणून हे सगळं पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्यांनीच करायचं, आणि घोट छोटे.

प्रश्न : धण्याच्या किंवा आंबट बिअरबरोबर खायला काय ठेवावं?
— एक वाचक, मालवण

उत्तर : तुम्ही मालवणचे, तुम्हाला काय सांगायचं! गोझेबरोबर रव्यात घोळवून तळलेले ओले बोंबील किंवा मांदेली. आंबटपणा तेल कापतो, आणि लिंबू पिळायची गरज उरत नाही. विटबिअरबरोबर बेल्जियममध्ये वाफवलेले शिंपले खातात, तुमच्याकडे तिसऱ्या आहेतच. फक्त सुकं करताना गरम मसाला अगदी कमी घाला, ओलं खोबरं आणि हिरवी मिरची पुरे. शाकाहारी घरात कोथिंबीर वडी. झणझणीत तांबडा रस्सा यांपैकी कुठल्याच बिअरला झेपत नाही, त्याच्यासोबत पाणीच प्या.